दोन कानांमधली श्रुती

आषाढ पौर्णिमा झाली आणि आमच्या विहारात पुन्हा ग्रंथवाचन सुरू झालं. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा जुना नियम. त्यावरून हा वर्षावास. आमच्या वाडीत भिक्खू वर्षातून एखाद्या वेळी येतात, पण नियम आम्ही धरून ठेवलाय. दिवेलागणीला जमायचं, कुणीतरी चार पानं वाचायची, मग वंदना, आणि मग पेटीवर एखाददुसरं गाणं. दाराशी छत्र्यांचा ढीग, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, मेणबत्तीचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा एकत्र वास. यंदा पहिल्या संध्याकाळी आत पाऊल टाकलं, तो वास आला आणि माझा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. काही वर्षांपूर्वीचा एक वर्षावास माझ्या त्या कानात अजून मुक्काम करून आहे.

कोकणात पावसाळ्यात काहीही बिघडलं तरी दोष ठरलेला असतो. मीठ पाझरलं, दमट हवा. दार चौकटीत अडकलं, दमट हवा. सासूसुनेचं वाजलं तरी कुणीतरी म्हणायचं, हवाच तशी आहे. त्यामुळे त्या श्रावणात, तापातून उठून मी विहारात गेले आणि पेटीचा सूर फाटलेला ऐकू आला, तेव्हा मीही दुसरा विचार केला नाही.

पेटीवर माझे थोरले दीर, सुधाकर भावोजी. लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेले. कंपनीच्या बसमध्ये झोप काढून घरी यायचे आणि आंघोळीच्या आधी पेटीचा भाता हलवून बघायचे, असं माझी जाऊ, म्हणजे आक्का, अजून तक्रारीच्या सुरात सांगते.

"भावोजी, पेटी दमटली हो. सा दोन दोन वाजतोय," मी म्हटलं.

"हो काय गो? मना तर सरळ वाटतेय." त्यांनी एक पट्टी दाबून धरली. मान वाकडी करून ऐकलं. "आसंल. पावसाळ्यात मानूस फुगतो, पेटी का नाय फुगनार."

त्यांनी पेटी घरी नेली, उघडली, जवळ बल्ब लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीने चिपळूणला दुरुस्तीवाल्याकडे. संध्याकाळी परत आले ते फुरंगटूनच. दुरुस्तीवाल्याने सगळे सूर वाजवून पाहिले होते आणि पेटीला काही झालेलं नाही म्हणून चहा पाजून परत पाठवलं होतं.

"पेटी बरी हाय म्हनतो तो. आता बिघडलंय काय ता तूच सांग," भावोजी म्हणाले.

ते मला दोनच दिवसांत कळलं, आणि तेही फोनवर. माझे यजमान मुंबईला नोकरीला. मी फोन लावला आणि ते उचलेपर्यंत पलीकडची घंटी ऐकत उभी होते. उजव्या हातात डबा होता तो ठेवायला वळले, फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला, आणि घंटीचा सूर चढला. मला वाटलं, लाइनमध्ये काही झालं. पुन्हा डाव्या कानाला लावला. उतरला. उजव्या कानाला, चढला. मी स्वयंपाकघरात उभी राहून फोन या कानावरून त्या कानावर फिरवत होते. यजमान कधीच उचलून "हॅलो, हॅलो" करत होते.

"तुमचे दोन आवाज येतायत हो मला," मी म्हटलं.

"एका आवाजाला तू वैतागलेली असतेस. दोन कशी सोसणार?" ते हसले. मी हसले नाही.

दोन सुरांमध्ये अंतर किती होतं, ते सांगायला हवं, कारण सगळा जीव त्या अंतरात अडकला होता. पेटीवर एका पट्टीच्या शेजारी दुसरी पट्टी असते. उजव्या कानाला येणारा सूर शेजारच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, जिथे पेटीला काही म्हणताच येत नाही, तिथे कुठेतरी तो अडकला होता. आपल्या शास्त्रात या फटींना नाव आहे. सप्तकात बावीस श्रुती. सा, म, प यांच्या चार-चार, रे, ध यांच्या तीन-तीन, ग आणि नी बिचाऱ्यांच्या दोन-दोन. गाण्याच्या परीक्षेला मी हे पाढ्यासारखं पाठ केलं होतं आणि पाढ्यासारखंच विसरले होते. बाराच सुरांवर सगळं आयुष्य सुरळीत चाललं असताना मधल्या श्रुती कशाला मोजायच्या? आता एक श्रुती माझ्याच दोन कानांच्या मध्ये येऊन बसली होती. कुकरची शिट्टी दोन सुरांत. मी शिकवते त्या शाळेत मुलं प्रार्थना म्हणायची ती दोन सुरांत. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पावसात एक काळपट निळा पक्षी शीळ घालतो, माणसानेच घातल्यासारखी. त्याच्या मागे त्याचा एक जुळा भाऊ अर्ध्या पावलावर बेसूर शीळ घालत चालला होता.

आणि माझा स्वतःचा आवाज. त्याचं तर विचारूच नका. सा लावावा तर डोक्यात दोन बायका भांडायला उभ्या, मी खरी की तू खरी. कुणाचं ऐकायचं?

इथे आबांच्या गाण्याचं सांगायला हवं. आबा म्हणजे माझे सासरे. मुंबईला गिरणीत होते, आणि शाळेच्या भाषेत सांगायचं तर शिक्षण जेमतेम. पण गाणी रचायचे. बाकीची गाणी गेली, एक राहिलं. वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, त्या समारोपाला ते म्हणायचं अशी वाडीची रीत. धृपदाची ओळ "उजेड" या शब्दाशी येऊन थांबते, आणि तो शब्द गंधारावर आहे. साधा, शुद्ध गंधार. तिथे घाई करायची नाही, ताना घ्यायच्या नाहीत, फक्त उभं राहायचं. आबांनी ते मला नवी सून असताना शिकवलं. चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता. "उजेड म्हंजे काय ओरडून सांगायची गोष्ट हाय काय?" ते म्हणायचे. "पडतो तो. पडू दे." आबा गेल्यापासून ते गाणं मी पुढे होऊन म्हणते आणि बाकीच्या बाया मागून धरतात. त्यांना ओळी येतात, पण पुढे व्हायला कुणी तयार नाही. ते कधी कुणी टिपून ठेवलं नाही, मोबाइलमध्ये भरलं नाही. जे सगळ्यांना येतं ते कोण भरून ठेवतं? आणि त्या वर्षी समारोप आमच्या विहारात होता. आजूबाजूच्या गावांची मंडळी येणार होती. मी म्हटलं नाही, तर आबांचं गाणं त्या वर्षी होणार नव्हतं. आणि एका वर्षी झालं नाही, की दुसऱ्या वर्षी न होणं सोपं जातं. आमच्या वाडीतल्या निम्म्या रीती अशाच गेल्या आहेत.

रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर बाई तरुण होत्या. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर ते गोल डबे लावून, ऐकू आलं की बटण दाबा म्हणाल्या. मी बटण दाबत राहिले. मग त्यांनी कागदावरची वाकडी रेघ दाखवली.

"तापानंतर नस सुजलीय. ऐकू थोडं कमी येतंय, आणि जे येतंय ते जरा चढून येतंय. तुम्ही गाता का?"

"गाते."

"म्हणून तुम्हाला कळलं. पुष्कळांना असतं, पण कळत नाही."

"आश्विन पौर्णिमेपर्यंत बरं होईल?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काहींना पूर्ण परत येतं, काहींना अर्धवट. आणि काहींना तसंच राहतं. मी खोटं सांगणार नाही. गोळ्या वेळेवर घ्या."

खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला जिना उतरताना वाटलं. पाऊस सणसणीत लागला होता. एसटीला वेळ होता, म्हणून कुंदाताईंकडे गेले. जायचं ठरवून नव्हतं गेले. रडायला एक जागा हवी होती.

कुंदाताई माझ्या गाण्याच्या बाई. माझे वडील कोयना प्रकल्पात कामाला, आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचो. आता त्या क्वार्टर्सच्या भिंतींवर शेवाळ आहे आणि पुष्कळ दारांना कुलपं, पण तेव्हा संध्याकाळी प्रत्येक खिडकीत दिवा असायचा. कुंदाताई एका इंजिनिअरची बायको. कॉलनीतल्या मुलींना त्या फुकट शिकवायच्या, आणि फुकट असल्यामुळे झोडपूनही काढायच्या. पहिले कित्येक महिने त्यांनी गाणं शिकवलंच नाही. तंबोऱ्यासमोर बसवायच्या आणि खरजाच्या तारेतून गंधार ऐकू येतो का विचारायच्या. तारेवर गंधार कुणी लावलेला नसतो. तार षड्जाची. पण ती चांगली जुळली की तिच्यातून हळूच, वरच्या अंगाला, गंधार बोलायला लागतो. मला तो ऐकू आला त्या दिवशी मी भीतीने त्यांचा हात धरला होता. "भुताला भेटलीस?" त्या म्हणाल्या होत्या. "पेटीचा गंधार याच्याशी ताडून बघ."

ताडून बघितला तर पेटीचा किंचित चढा. फार नाही, एका श्रुतीचाही नाही. पेटीवर कुठलाही सूर सा धरून गायची सोय हवी, म्हणून तिच्या प्रत्येक सुराला थोडं इकडेतिकडे सरकून बसवलेलं असतं. भरल्या एसटीत चौथ्या माणसाला जागा करून देतात, तसं. गैरसोय कुणाचीच फार होत नाही, पण नीट कुणीच बसत नाही. पुढे लग्न होऊन आले, भावोजींच्या पेटीबरोबर गायला लागले, आणि मीही तशीच सरकून बसले.

कुंदाताई आता मुलाकडे रत्नागिरीत असतात. दार त्यांच्या सुनेने उघडलं. "मोठ्याने बोला हं, त्यांना हल्ली जवळजवळ ऐकू येत नाही," तिने सांगितलं. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सगळी हकीगत सांगितली. दोन सूर, डॉक्टर, आबांचं गाणं. सांगता सांगता रडायला लागले.

कुंदाताईंनी पूर्ण ऐकलं, किंवा ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "तुला दोन दोन सूर ऐकू येतात, आणि मला एकही येत नाही, आणि रडायला तू माझ्याकडे आलीस?"

मी पदराने डोळे पुसले.

"तो आण इकडे."

कोपऱ्यात तंबोरा उभा होता, खोळीत. मी खोळ काढली. त्यांनी तो आडवा मांडीवर घेतला, एक हात भोपळ्यावर पसरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने जोडीच्या दोन तारा छेडल्या. मग एका तारेची खुंटी जराशी पिळून ती मुद्दाम उतरवली आणि माझा हात ओढून भोपळ्यावर ठेवला.

"काय लागतंय हाताला?"

तळव्याखाली भोपळा थरथरत होता. एकसारखा नाही, भरायचा, ओसरायचा, भरायचा, ओसरायचा. दोन तारा एकमेकींशी जुळत नव्हत्या, त्याची ती लाट होती. त्यांनी खुंटी हळूहळू परत पिळली. लाट लांबली. आणखी लांबली. मग थांबली, आणि हाताखाली नुसतं एकसारखं गुणगुणणं राहिलं.

"मी अशी जुळवते हल्ली," त्या म्हणाल्या. "सूर चढा की उतरता, ते कानाला विचारावं लागतं. तुझा कान त्यात खोटं बोलतोय. पण दोन सूर जुळले की लाट थांबते. ती थांबलेली खोट्या कानालासुद्धा कळते. तो सगळ्यालाच चढवून सांगेल, पण थरथरत नाहीये त्याला थरथरतंय म्हणून नाही सांगणार. जा आता, एसटी चुकेल."

परतीच्या वाटेवर मी खिडकीशी बसून ठरवलं. बरं होईल तेव्हा होईल. गाणं मी म्हणणार.

ठरवणं सोपं असतं. घरी आले आणि आधी एक गाढवपणा केला. उजव्या कानात कापूस कोंबला. म्हटलं, खोटारड्याचं तोंडच बंद करावं. तर कापूस घातल्यावर बाहेरचं बंद झालं आणि माझा स्वतःचा आवाज त्याच कानात हंड्यात ओरडल्यासारखा घुमायला लागला. आक्का दारात येऊन उभी. "दोन दोन सूर येतात तुला, तर एक आमाला दे गो बाय. आमच्याकडं एकपन धड नाय." कापूस काढून चुलीत टाकला.

मग रोज संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, पडवीत माझा जुना तंबोरा घेऊन बसायला लागले. पत्र्यावर पाऊस असला की काही ऐकू यायचं नाही, मग ओसरायची वाट बघायची. पहिल्यांदा नुसता सा. डोक्यातल्या दोन्ही बायका भांडू देत, त्यांच्याकडे लक्षच द्यायचं नाही. लक्ष फक्त लाटेकडे. आवाज इकडे सरकवला की लाट जलद, तिकडे सरकवला की संथ. इतक्या लहान जागेत गळा हलवायची सवय कुठे होती मला? आयुष्यभर पायरीवरून पायरीवर उड्या मारलेल्या. आता एकाच पायरीवर, पावलाची बोटं नुसती पुढेमागे करायची होती. माझा जीव मेटाकुटीला यायचा. कधी संतापून तंबोरा भिंतीला टेकवायची आणि भांडी घासायला लागायची. कुंदाताईंना, डॉक्टर बाईंना, तापाला, सगळ्यांना मनात शिव्या घालून झाल्या. मग हात पुसून पुन्हा बसायची.

सा आधी आला. भाताच्या लावणीतले चिखल सुकून रोपं हिरवी गर्द झाली, तोवर पंचम आला. गंधार येईना. त्याच्यासाठी तारच नाही ना. खरजातून येणारा तो चिमूटभर आवाज, त्याच्याशी आपला आवाज नेऊन लावायचा, आणि दोघांच्या मधली लाट ऐकायची. ती इतकी बारीक, की बाजूला कोंबडी खुरडली तरी हरवायची. भादवा सरत आला, भाताचे दाणे भरत आले. एका संध्याकाळी "उजेड" म्हटलं आणि लाट लांबत, लांबत गेली आणि राहिलीच नाही. मी श्वास संपेपर्यंत तिथे उभी राहिले. मग दुसऱ्यांदा जमेना. तिसऱ्यांदा जमेना. पण एकदा झालेलं मला कळलं होतं. मी उठून आक्काला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "काय फरक पडला गो? मना तर रोजच्यासारकाच वाटलान."

एवढ्यात विहारात समारोपाची बैठक झाली. मी थोडी उशिराने पोचले, तर आक्काच बोलत होती. त्या वर्षी गाण्यांसाठी मोबाइलवरून स्पीकर लावावा, सगळी गाणी तयार मिळतात, असं तिचं म्हणणं. मला बघून ती थांबली.

"बोल ना," मी म्हटलं.

"तुजंच बोलतंय. चार गावची मान्सं येनार. तुला दोन दोन ऐकू येतंय. उद्या तिथं चुकलंस तर लोक काय बोलतील, आनि तू घरी येऊन किती रडशील, ता मना म्हायत हाय."

ती वाईटपणाने बोलत नव्हती, हे मला कळत होतं. तरी लागलं.

"आबांचं गाणं आहे स्पीकरवर?" मी विचारलं.

आक्काने मोबाइल खाली ठेवला. बाहेर पाऊस वाजत होता.

"मग ते मी म्हणणार. बाकी हवं ते लावा."

बैठक उठली. खरी अडचण त्यानंतर होती, आणि ती मला भावोजींना सांगायची होती. पेटीबरोबर मी घरी करून पाहिलं होतं. पेटीचा गंधार वाजला की माझी लाट थांबतच नव्हती. माझा गंधार तंबोऱ्याचा, पेटीचा त्याहून जरासा चढा. दोघं एकत्र आले की थरथर. पूर्वी कान धड होता, तेव्हा मी पेटीकडे सरकून बसायची आणि कुणाचं अडायचं नाही. आता मला धरायला ती लाट सोडून काहीच नव्हतं. पेटी "उजेड" शब्दावर गप्प राहायला हवी होती.

भावोजी अंगणात पेटीवरचं प्लास्टिक नीट करत होते. आडूनआडून सांगायची माझी पद्धत नाही.

"भावोजी, त्या एका शब्दावर तुम्ही गंधार दाबू नका. नुसता सा धरा."

त्यांचा हात थांबला. "आदी बोललीस पेटी दमटली. ती चिपळूनला नेऊन आनली. आता बोलतेस पेटी नको."

"पेटी हवी. तो एक सूर नको."

"इतकी वरसां तो सूर मी वाजवतंय. आबा समोर बसायचे. आबांनी कदी सांगितलानी नाय, तो चुकीचा हाय म्हनून."

"चुकीचा नाही तो. पेटीचा आहे. मला आता दुसरं काही धरता येत नाही हो भावोजी. तुमचा सूर वाजला की मी पडते."

ते पुन्हा प्लास्टिक नीट करायला लागले. माणसाला आपल्या बापाच्या गाण्यात, बापाच्या लाडक्या शब्दावर, हात उचल म्हणून सांगणं म्हणजे काय, हे मला समजत होतं. तरी मी शब्द मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर गाणंच गेलं असतं.

"बगूया," ते म्हणाले. त्यांच्या बगूयाला होय समजायचं की नाही, हे आक्कालाही इतक्या वर्षांत उमगलेलं नाही.

आश्विन पौर्णिमेच्या दुपारी उकडत होतं. परतीच्या पावसाने आदल्या दिवशी झोडपून ऊन सोडलं होतं. खालच्या खाचरांतलं भात पिवळं पडून वाकलं होतं, कापणीला चार दिवसही धीर धरेल की नाही अशी अवस्था. विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, दाराबाहेर चपलांचा खच. वाचनाचा शेवटचा भाग झाला, भाषणं झाली, एका पाहुण्यांचं भाषण नेहमीप्रमाणे फार लांबलं. आक्काच्या स्पीकरवर दोन गाणी झाली, चांगली झाली. मग माझं नाव घेतलं.

तंबोरा छेडायला आक्का बसली. दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि मला ती शेजारी हवी होती. पलीकडे भावोजी, पेटीवर, माझ्याकडे न बघता. माझा कान बरा झालेला नव्हता. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. आक्काने तारा छेडल्या, आणि नेहमीसारखे दोन तंबोरे वाजायला लागले, एक डावीकडे, एक उजवीकडे जरा चढा. मी डोळे मिटले आणि सा लावला. लाट आली, लांबली, थांबली. मागच्या बायांनी सूर धरला. मी पहिली ओळ घेतली.

ओळ "उजेड"शी आली. मी गंधारावर उभी राहिले आणि त्याच क्षणी पेटीचा गंधार बाजूने येऊन माझ्या सुराला टेकला. भावोजींनी दाबला होता. सवयीने की रागाने, मला आजही ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही. थरथर सुरू झाली. डोक्यातल्या दोघी जणी एकदम ओरडायला लागल्या. पूर्वीची मी असते तर पटकन पेटीकडे सरकले असते, कुणाला कळलंही नसतं. पण आता सरकायला जागा कुठे होती? सोडायचं नाही, एवढंच मनात होतं. श्वास संपत आला. मी थांबले, श्वास घेतला, आणि पुढे न जाता तोच शब्द पुन्हा घेतला. मागच्या बाया गोंधळल्या, आक्काने डोळे मोठे केले. मी त्याच जागी, तशीच उभी राहिले.

थरथर चालू होती. मग पेटीतून गंधार गेला. भावोजींचं बोट उठलं होतं. खाली नुसता सा राहिला, आणि आक्काच्या हातातल्या खरजाच्या तारेतून तो चिमूटभर आवाज वर आला. मी त्याच्याकडे गेले. लाट लांबली, आणखी लांबली, आणि थांबली. उजव्या कानात एक गंधार होता, डाव्या कानात दुसरा, आणि दोन्ही स्थिर होते. मी श्वास घेतला आणि पुढचं कडवं उचललं.